पॅकेज बांधायला रूट लागत नाही. लागतंय असं वाटलं तर कुठे पाहावं

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सवर एक प्रोग्राम सोर्सवरून नीट कंपाइल होतो, पण 'मेक इन्स्टॉल' (तयार फाइल्स जागच्या जागी ठेवणारी कमांड) केलं की "परवानगी नाही" म्हणून थांबतो. त्याची आरपीएम (फेडोरा वगैरेंसाठी) आणि डेब (डेबियन, उबंटूसाठी) अशी दोन्ही पॅकेजं करून बऱ्याच मशीनवर टाकायची आहेत. सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवायची सोय) हाताशी आहे, पण रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, होऊन बिल्ड करू नये असं जो तो सांगतो. मग पॅकेजमधल्या फाइल्स रूटच्या मालकीच्या होणार कशा? आणि एवढं सोवळं पाळायची खरंच गरज आहे का?

आधी मालकीचा गोंधळ सोडवू, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. पॅकेज म्हणजे एक गाठोडं. डेबच्या पोटात टार असतं, आरपीएमच्या पोटात सीपीआयओ; दोन्ही अनेक फाइल्स एकत्र बांधायचे प्रकार. गाठोड्यातल्या प्रत्येक फाइलची एक नोंद असते: नाव, आकार, परवानग्या, मालक, ग्रुप. यातला मालक म्हणजे निव्वळ लिहिलेलं नाव किंवा आकडा. पाकिटावर न्यायाधीशांचं नाव लिहायला स्वतः न्यायाधीश असावं लागत नाही, तसंच हे. डिस्कवर फाइल खरोखर रूटच्या मालकीची होते ती पॅकेज इन्स्टॉल होताना, आणि तेव्हा पॅकेज मॅनेजर रूट असतोच. फेडोराचं सोर्स आरपीएम कधी उलगडलं असेल तर "मॉकबिल्ड नावाचा यूजर नाही, रूट वापरतो" अशी सूचना आलेली आठवत असेल. लोक घाबरतात, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. बिल्ड करणाऱ्या यूजरचं नाव त्या नोंदीत तसंच राहून गेलेलं असतं, इतकंच.

तेव्हा बिल्डच्या कुठल्याही टप्प्यावर रूट लागलाच, तर इन्स्टॉलच्या वेळचं काम बिल्डमध्ये घुसलंय असं समजायचं. "परवानगी नाही" ही ओळ मी अडथळा मानत नाही, फुकटात मिळालेला बग रिपोर्ट मानतो.

ही समजूत मलाही उशिराच आली. सुरुवातीच्या दिवसांत मी रूट होऊनच आरपीएम बांधायचो. एका स्पेक फाइलमध्ये (आरपीएम कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) इन्स्टॉलच्या ओळीत डेस्टडिर, म्हणजे फाइल्स तात्पुरत्या मांडायची जागा, द्यायचं राहून गेलं होतं. साधा यूजर असतो तर बिल्ड तिथेच आपटला असता. रूट होतो, म्हणून नवी लायब्ररी थेट सिस्टिमच्या डिरेक्टरीत जाऊन बसली आणि जुनीवर लिहिली गेली. फाइल्सच्या यादीत मी मोघम वाइल्डकार्ड टाकलं होतं, त्यामुळे मुख्य लायब्ररी वगळून पॅकेज तयारही झालं. गंमत म्हणजे माझ्या मशीनवर प्रोग्राम झकास चालत होता, कारण लायब्ररी तिथे होतीच. दुसऱ्या मशीनवर गेल्यावर बिंग फुटलं, आणि कारण शोधण्यात दोन दिवस गेले.

त्या काळच्या स्पेक फाइल्समध्ये इन्स्टॉलच्या सुरुवातीला बिल्डरूट (आरपीएमची फाइल्स तात्पुरत्या मांडायची डिरेक्टरी) 'आरएम -आरएफ'ने, म्हणजे आतलं सगळं पुसणाऱ्या कमांडने, साफ करायची ओळ हमखास असे. बिल्डरूटची किंमत चुकून नुसता स्लॅश, म्हणजे सगळी सिस्टिम, असेल आणि तुम्ही रूट असाल, तर पुढचं सांगायला नको.

आता डेस्टडिर आणि प्रीफिक्समधला फरक, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. प्रीफिक्स सांगतं की प्रोग्राम शेवटी कुठे राहणार आहे, उदाहरणार्थ /यूएसआर. हा मार्ग कंपाइल होताना प्रोग्रामच्या पोटात जातो: कॉन्फिगरेशन कुठे शोधायचं, आयकॉन कुठे, प्लगइन कुठे. डेस्टडिर सांगतं की आत्ता, या क्षणी, फाइल्स तात्पुरत्या कुठे मांडायच्या. तो प्रत्येक मार्गाच्या आधी चिकटतो आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे कॉन्फिगर करताना प्रीफिक्स /यूएसआर आणि 'मेक इन्स्टॉल' करताना डेस्टडिर तुमच्या होममधली एखादी रिकामी डिरेक्टरी. परवानगीचा प्रश्न तिथेच संपतो.

त्याऐवजी घाईत प्रीफिक्सच होममधल्या डिरेक्टरीचा दिला, तर इन्स्टॉल बिनतक्रार होतं, पॅकेजही होतं, आणि दुसऱ्या मशीनवर प्रोग्राम तुमचं होम शोधत बसतो. आरपीएमची एक तपासणी बायनरीत बिल्डरूटचा मार्ग सापडला की बिल्ड थांबवते. तिला गप्प करायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका, ती तुमच्या भल्याचं सांगते आहे. सीमेक आणि मेसन ही बिल्डची साधनंही डेस्टडिर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मानतात. पायथनच्या पिपमध्ये हेच काम 'रूट' नावाचा पर्याय करतो. नाव फसवं आहे, त्याचा रूट यूजरशी संबंध नाही.

सोवळ्याचं म्हणाल तर त्याचीही कारणं आहेत, आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण टारचं. साध्या यूजरने टारबॉल (सोर्सचं टार-गाठोडं) उलगडला की जीएनयू टार फाइल्स त्याच्या नावावर करतं. रूटने उलगडला की आत नोंदलेला मालक जसाच्या तसा ठेवायचा प्रयत्न करतं. मूळ लेखकाचा यूआयडी (यूजरचा आकडा) १००० असेल, त्याचं नाव तुमच्या सर्व्हरवर नसेल आणि तिथे १००० हा आकडा भलत्याच कुणाचा असेल, तर उलगडलेला सगळा सोर्स त्या भलत्याच्या मालकीचा झाला. कंपाइल व्हायच्या आत तो त्यात एक ओळ घालू शकतो, आणि ती ओळ रूटच्या हक्काने चालेल.

दुसरं कारण असं की बिल्ड म्हणजे परक्याचा कोड चालवणंच आहे, फक्त तो चालवतोय हे जाणवत नाही. कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट आहे, मेकफाइल काहीही करू शकते. ऑगस्ट २००२ मध्ये ओपनएसएसएच या दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रामचे अधिकृत एफटीपी सर्व्हरवरचे टारबॉल बदलले गेले होते. त्यातला घातक भाग बिल्ड करतानाच जागा व्हायचा, बाहेरच्या एका ठरावीक सर्व्हरच्या ६६६७ पोर्टशी जोडणी करायचा आणि जो यूजर कंपाइल करतोय त्याच्या हक्काने शेल मिळवून द्यायचा. रूट होऊन कंपाइल करणाऱ्याचं सगळं मशीन गेलं, इतरांचं एक खातं.

उलट बाजूही सांगायला हवी. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलेलं एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण (आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१) रूटविना बिल्ड करून थांबलं नसतं. तिथे टारबॉलमध्ये गिटमध्ये (सोर्सच्या जाहीर भांडारात) नसलेला एक एम४ मॅक्रो (कॉन्फिगर स्क्रिप्ट ज्यातून तयार होते तो तुकडा) घातला होता. बिल्डच्या वेळी त्यातून जागी होणारी स्क्रिप्ट डेबियनची 'रूल्स' फाइल आहे का, किंवा एक्स८६-६४ साठी आरपीएम बिल्ड चालू आहे का, हे पाहायची आणि तसं असेल तरच लायब्ररीत मागचं दार बसवायची. नेम पॅकेज बांधणाऱ्यांवरच होता. दार पॅकेजमधून पुढे जाणार होतं, बिल्ड मशीनच्या रूटची त्याला गरजच नव्हती. म्हणून रूटविना बिल्ड केलं की पॅकेज विश्वासार्ह झालं, असं कृपा करून समजू नका. वाचतं ते बिल्ड मशीन.

आणखी एक बारकं कारण: टेस्ट. "वाचायची परवानगी नसलेली फाइल उघडली तर त्रुटी यायला हवी" अशी टेस्ट रूटखाली नापास होते, कारण रूटला सगळंच उघडतं. जीएनयू टार आणि कोअरयूटिल्सची कॉन्फिगर स्क्रिप्ट रूटखाली चालायलाच नकार देते, आणि तो नकार मोडायचा असेल तर जे व्हेरिएबल द्यावं लागतं त्याच्या नावातच 'अनसेफ' हा शब्द आहे.

आता प्रत्यक्ष कृती. आरपीएमसाठी 'आरपीएमडेव्हटूल्स'मधली सेटअपट्री कमांड तुमच्या होममध्ये आरपीएमबिल्डची सगळी डिरेक्टरी-रचना करून देते. पूर्वी ही रचना /यूएसआर/एसआरसी मध्ये असे, त्यामुळे लोकांना रूट व्हावंच लागे आणि ती सवय रचना बदलल्यावरही टिकली. आज होममधली जागा हीच मूळ सेटिंग आहे. स्पेकच्या इन्स्टॉल भागात डेस्टडिरला बिल्डरूट द्या, किंवा 'मेक-इन्स्टॉल' मॅक्रो वापरा, तो हेच करतो. फाइल्सच्या यादीत वेगळी मालकी किंवा परवानगी हवी तिथे 'अ‍ॅट्र' लिहा. बाकी सगळं रूटच्या नावावर नोंदलं जातं.

डेबियनच्या बाजूला डीपीकेजी-बिल्डपॅकेज कंपाइलचा भाग साध्या यूजरने करतं आणि गरज असेल तर शेवटचा गाठोडं बांधायचा भाग फेकरूटखाली (रूट असल्याचा आभास देणारा प्रोग्राम, पुढे येतोच). कंट्रोल फाइलमध्ये 'रूल्स-रिक्वायर्स-रूट: नो' अशी ओळ घातली की फेकरूटही लागत नाही, आणि अलीकडच्या डीपीकेजीत हेच गृहीत धरलेलं असतं. हाताने डीपीकेजी-डेब चालवून गाठोडं बांधत असाल तर 'रूट-ओनर-ग्रुप' हा पर्याय लावा, सगळ्या नोंदी रूटच्या नावावर होतात. तेव्हा यूमास्कही (नव्या फाइलच्या कुठल्या परवानग्या वगळायच्या ती सेटिंग) बघा. काही सर्व्हरवर तो ०७७ असतो. मग तुम्ही केलेल्या डिरेक्टऱ्या ७००, म्हणजे फक्त मालकाला खुल्या, होतात, त्याच परवानग्या पॅकेजमध्ये जातात, आणि इन्स्टॉल झाल्यावर रूटशिवाय कुणालाच प्रोग्राम दिसत नाही. कंट्रोल डिरेक्टरी ७०० असेल तर डीपीकेजी-डेब तक्रार करतं, बाकीच्यांबद्दल गप्प राहतं. डेबहेल्पर (डेब बांधायला मदत करणारा कमांडसंच) वापरला तर परवानग्या तोच सारख्या करतो. आरपीएमबिल्ड स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ०२२ हा यूमास्क (इतरांना वाचू देणारा) लावून घेतं.

आर्च लिनक्सवाल्यांनी वादच मिटवला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पॅकमन (आर्चचा पॅकेज मॅनेजर) ४.२ पासून त्याची पॅकेज बांधणारी कमांड मेकपीकेजी रूटखाली चालतच नाही, सूट देणारा पर्यायही काढून टाकला. मला हा निर्णय पटतो. सूट ठेवली की ती ट्युटोरियलमध्ये छापली जाते.

फेकरूटचं नाव आलंय तर तो काय करतो हे नीट समजून घ्या, कारण नावामुळे भलत्या अपेक्षा ठेवल्या जातात. एलडी-प्रीलोडच्या (प्रोग्रामसोबत आपली लायब्ररी आधी लादायची सोय) वाटेने तो प्रोग्राम आणि सी लायब्ररीच्या मधे बसतो. प्रोग्रामने मालक बदलायला सांगितलं की तो "बदलला" म्हणतो आणि वहीत नोंद करतो. पुढे कुणी मालक विचारला की वहीतलं उत्तर देतो. डिस्कवर काहीही बदललेलं नसतं. टारने त्याच वेळी गाठोडं बांधलं तर वहीतली मालकी गाठोड्यात उतरते. यातून दोन गोष्टी निघतात. वही त्या सत्रापुरती असते, म्हणून इन्स्टॉल एका फेकरूटमध्ये आणि टार दुसऱ्यात केलं तर मालकी हरवते. दोन्ही एकाच शेलमध्ये करा, नाहीतर वही फाइलमध्ये साठवून पुढच्या सत्राला द्या. शिवाय स्टॅटिक बायनरी किंवा थेट कर्नलशी बोलणारे प्रोग्राम (गो भाषेतले बरेचसे) या मध्यस्थाला जुमानत नाहीत. आणि फेकरूट म्हणजे संरक्षण नव्हे. त्याखाली चाललेला कोड तुमच्या होममधली प्रत्येक फाइल वाचू, पुसू शकतो.

हट्टी मेकफाइल कशाकशावर अडते हे बहुतेक ठरलेलं असतं. 'इन्स्टॉल' कमांडला मालक आणि ग्रुप देणारे पर्याय किंवा स्वतंत्र चाऊन (मालक बदलणारी कमांड): काढून टाका, ती माहिती स्पेकमध्ये द्या. सेटयूआयडी बिट (प्रोग्राम फाइलच्या मालकाच्या हक्काने चालवणारा) साध्या यूजरला स्वतःच्या फाइलवर लावता येतो, पण नोंदीत मालक रूट हवाच, म्हणून आरपीएममध्ये 'अ‍ॅट्र'मध्ये ४७५५ आणि रूट असं स्पष्ट लिहा. पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये हे करत असाल तर आधी चाऊन, मग सीएचमॉड (परवानग्या बदलणारी कमांड). उलटं केलं तर मालक बदलताना कर्नल तो बिट पुसतो. सेटयूआयडीऐवजी एखादी कॅपॅबिलिटी (रूटच्या हक्कांपैकी एकच हक्क) पुरत असेल तर आरपीएमला 'कॅप्स' हा निर्देश आहे, बिल्डमध्ये सेटकॅप (कॅपॅबिलिटी लावणारी कमांड) चालवायची गरज नाही. एलडीकॉन्फिग (लायब्रऱ्यांची यादी ताजी करणारी कमांड), आयकॉन कॅश, सिस्टिमडीचं रीलोड ही सगळी इन्स्टॉलच्या वेळची कामं. ती ट्रिगर किंवा पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये, आणि बहुतेक डिस्ट्रोंमध्ये ती आपोआप होतात. सर्व्हिससाठी वेगळा यूजर हवा असेल तर सिसयूजर्सची (सिस्टिमडीला कुठला यूजर करायचा ते सांगणारी) छोटी फाइल पॅकेजमध्ये ठेवा. बिल्डमध्ये यूजरअ‍ॅड (यूजर तयार करणारी कमांड) दिसला तर मूळ लेखकाला पॅच पाठवायची वेळ झालेली आहे.

खरी अडचण येते ती बिल्डला लागणाऱ्या इतर पॅकेजांची. हेडर फाइल्स, डेव्हलपमेंट लायब्रऱ्या इन्स्टॉल करायला रूट लागतोच. अ‍ॅडमिनला यादी देऊन टाकून घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. एक-दोन हेडरचाच प्रश्न असेल तर डेब डाउनलोड करून डीपीकेजी-डेबच्या एक्स्ट्रॅक्ट पर्यायाने, किंवा आरपीएम२सीपीआयओने, होममध्ये उलगडून कंपायलरला तो मार्ग देता येतो. दहा लायब्रऱ्या असतील तर या वाटेला जाऊ नका, वेड लागेल.

त्यापेक्षा स्वच्छ चरूट (एका डिरेक्टरीलाच सगळी सिस्टिम मानायला लावणारी सोय) किंवा कंटेनर बरा. लिनक्स ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, कर्नल साध्या यूजरला यूजर नेमस्पेस, म्हणजे यूजरच्या आकड्यांचं वेगळं जग, करू देतो. आत तुम्ही यूआयडी शून्य, म्हणजे रूट, बाहेर तुमचाच जुना आकडा. /ईटीसी/सबयूआयडी मध्ये तुमच्या नावे साधारण ६५,५३६ आकड्यांचा पट्टा असेल, तर आत पूर्ण डिस्ट्रो उभी करून त्यात अ‍ॅप्ट किंवा डीएनएफ हे पॅकेज मॅनेजर चालवता येतात. रूटलेस पॉडमॅन, एसबिल्डचा अनशेअर मोड, बबलरॅप ही सगळी साधनं याच पायावरची. एक फायदा असा की स्वच्छ चरूटमध्ये विसरलेलं अवलंबन लगेच उघडं पडतं. माझ्या मशीनवर होतं आणि तुमच्या नाही, हा प्रकार बंद. डेबियनने यूजर नेमस्पेसची सोय बरीच वर्षं मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली होती, उबंटूने २४.०४ पासून अ‍ॅपआर्मरने (प्रोग्रामवर बंधनं घालणारी यंत्रणा) तिला लगाम घातला आहे. कारण नेमस्पेसच्या आत शून्य झालेल्या यूजरला कर्नलचे एरवी बंद असलेले बरेच कोपरे दिसतात. म्हणून अचानक "नेमस्पेस करता येत नाही" आलं तर ती सेटिंग बघा आणि अ‍ॅडमिनशी बोला. सरसकट लगाम काढण्यापेक्षा त्या एका प्रोग्रामपुरतं प्रोफाइल देता येतं.

इथे एक सापळा आहे. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) ग्रुपचा सदस्य असणं म्हणजे व्यवहारात रूट असणं, कारण कंटेनरमध्ये सगळी डिस्क माउंट करता येते. स्वच्छ चरूटमध्ये आरपीएम बांधणाऱ्या मॉकच्या ग्रुपचंही साधारण तसंच. मॉक हे साधन उत्तम आहे, फेडोरासाठी मी तेच वापरतो, पण त्या ग्रुपमध्ये कुणाला घालायचं हे सुडो देताना ठरवता तसंच ठरवा.

आपल्या होमबद्दल लोक निष्काळजी असतात. रूट नाही म्हणून सिस्टिम वाचली, पण एसएसएचच्या किल्ल्या, ब्राउझरची प्रोफाइल, पॅकेजवर सही करायची जीपीजी किल्ली या सगळ्या तुमच्याच हक्काखाली असतात, आणि बिल्डही त्याच हक्काखाली चालतो. म्हणून बिल्डसाठी वेगळा यूजर ठेवा, ज्याच्या होममध्ये सोर्सशिवाय काही नाही. सही बिल्डनंतर, वेगळ्या खात्यातून. बिल्ड चालू असताना नेटवर्क बंद ठेवा; मॉक आधीपासूनच ते बंद ठेवतं, इतरत्र अनशेअर किंवा बबलरॅपच्या एका पर्यायात ते होतं. नेटवर्क बंद केल्यावर बिल्ड तुटला तर तो बिल्डच्या मधेच काहीतरी डाउनलोड करत होता, हेही तेव्हाच कळतं.

अजून एक, जे अनुभवी लोकांच्याही लक्षात नसतं. स्पेक फाइल नुसती वाचायला दिली तरी आरपीएम तिच्यातले शेल मॅक्रो चालवतं. पीकेजीबिल्ड (आर्चची स्पेकसारखी फाइल) तर सरळ बॅश, म्हणजे शेल स्क्रिप्टच, आहे. "बिल्ड करत नाही, फक्त आवृत्ती बघतो" म्हणून रूटखाली परकी स्पेक तपासणं म्हणजे ती चालवणंच. परकी फाइल आधी एडिटरमध्ये उघडा.

पॅकेज तयार झालं की इन्स्टॉलच्या आधी फाइल्सची यादी काढा: प्रत्येक ओळीत मालक रूट दिसतो का, कुठे तुमच्या होमचा मार्ग घुसलाय का. मग आतल्या स्क्रिप्ट वाचा, आरपीएममध्ये 'स्क्रिप्ट्स' ही क्वेरी, डेबमध्ये कंट्रोल भाग उलगडून. बिल्डमध्ये रूट टाळला तरी या स्क्रिप्ट इन्स्टॉलच्या वेळी रूट म्हणूनच चालणार आहेत, आणि त्याही प्रत्येक मशीनवर. पहिलं इन्स्टॉल टाकाऊ कंटेनरमध्ये करा, मग पॅकेज काढून टाका आणि मागे काय उरलं ते बघा.